नोएमीचा फोटो

मृणालिनी होबोकनला राहायला आली तेव्हा पहिले काही महिने तिच्याशी सगळे स्पॅनिशमध्येच बोलत. सावळा रंग, पाठीवर जाड वेणी, कानात कुड्या. लाँड्रोमॅटमधल्या पोर्तोरिकन बायकांना ती आपल्यातलीच वाटे. ती मान हलवून "नो स्पॅनिश" म्हणायची आणि त्या खो खो हसायच्या. इंडियातून आलीय हे कळल्यावर त्यांनी तिचं नाव 'ला इंडिया' ठेवून टाकलं, आणि ते नाव तिला चिकटलं ते चिकटलंच.

तिचा नवरा उल्हास केमिकल इंजिनिअर. ऑफिस नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये. इथे भाडं कमी आणि नदीखालून जाणारी ट्रेन घराजवळ, म्हणून त्यांनी होबोकन धरलं. बरोबरची मराठी मंडळी मात्र एकेक करून बाहेर पडली. राजीव आणि वसुधानं वेस्ट विंडसरला घर घेतलं, पुढे लॉन, मागे लॉन. दिवाळीला सगळे तिथे जमले की वसुधा न चुकता विचारायची, "मृणाल, त्या वस्तीत अजून किती दिवस काढणार गं तुम्ही? सीमाचा तरी विचार करा."

सीमा, त्यांची मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. होबोकनच्याच शाळेत जायची आणि रस्त्यावर खेळून खेळून स्पॅनिश अगदी फाडफाड बोलायची.

मृणालिनीला फोटोंचं वेड लागलं ते संध्याकाळच्या एका क्लासमुळे. उल्हासनं हौसेनं घेतलेला पेंटॅक्स कपाटात धूळ खात पडला होता, तो घेऊन ती जायला लागली. शिकवणारे क्लाइन नावाचे गृहस्थ होते. बोलणं तुसडं, पण नजर तयार. ते म्हणायचे, "लांब जाऊ नका. घराशेजारी जे चाललंय ते काढा. मात्र कॅमेरा दिसला की माणूस खोटा होतो, हे विसरू नका. कॅमेऱ्याकडे बघून हसणारं पोर हा फोटो नव्हे, तो वाढदिवस."

हे वाक्य तिच्या मनात पक्कं बसलं.

दर रविवारी सकाळी ती कॅमेरा गळ्यात अडकवून ॲडम्स स्ट्रीटवर जायची. तिथे काढण्यासारखं पुष्कळ होतं. फुटपाथवर घडीचं टेबल टाकून म्हातारे डॉमिनो खेळत बसलेले. कुणी गाडीचं बॉनेट उघडून आत डोकं घातलेलं. खिडकीत ठेवलेल्या रेडिओतलं गाणं सगळ्या गल्लीला ऐकू जाणारं. पायऱ्यांवर बसून बायका ओल्या शेंगा सोलत. पहिल्यांदा तिनं वाकून पाहिलं तर ते चक्क तुरीचे दाणे निघाले. तिला इतका आनंद झाला की तिनं त्यातले चार तोंडात टाकले. त्या दिवसापासून कुणी तिला परकं मानलं नाही.

नोएमी तिला तिथेच भेटली. सीमाच्या वर्गातली. त्या जानेवारीतच आईबरोबर ब्रुकलिनहून आली होती, एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. आई, आयदा, हॉस्पिटलच्या धोबीखान्यात कामाला. रविवारी सकाळीही तिची पाळी असायची. वडील कुठे होते ते कुणी बोलत नसे. त्यामुळे रविवारची सकाळ नोएमीची स्वतःची होती, आणि ती तिनं मृणालिनीला देऊन टाकली. ती दुभाषी झाली. "ही म्हणते फोटोत पाय घेऊ नको, सुजलेत." "हा म्हणतो फोटोचे पैसे घेणार का?" आयदाला इंग्रजी जेमतेम यायचं. तीही मृणालिनीशी बोलायची ती नोएमीच्याच तोंडून.

या सगळ्याच्या बदल्यात नोएमीची एकच मागणी असायची. "नाऊ टेक माइन."

केस ओले करून, मधोमध भांग पाडून, दोन्ही बाजूंना प्लास्टिकच्या क्लिपा लावून ती समोर उभी राहायची. हनुवटी वर, हात मांड्यांना चिकटलेले. परेडला उभं राहावं तशी. मृणालिनीला हसू यायचं आणि थोडा वैतागही. क्लाइननी वर्गात टराटरा फाडला असता असा हा फोटो. शिवाय एका रोलमध्ये छत्तीस फोटो, आणि रोल काही फुकट येत नव्हते. पहिल्यांदा ती "नंतर हं" म्हणाली. पुढच्या वेळी रोलमध्ये दोनच उरले होते. मग तिला एक युक्ती सापडली. कॅमेरा डोळ्याला लावायचा, लेन्स इकडेतिकडे फिरवायची आणि जीभ टाळूला लावून 'टक्' करायचं. नोएमी खूश होऊन बाजूला व्हायची आणि मृणालिनीला तिचं काम करता यायचं.

असं तिनं एकदा केलं, मग दर रविवारी. नोएमी विचारायची, "कधी देणार?"

"धुवायचे आहेत गं अजून," ती म्हणायची. एक दिवस हिचा खरंच एक काढू, असं तिच्या मनात असायचं. नव्हतं असं नाही.

त्या सुमारास गावात आगी फार लागत होत्या. मॅनहॅटनमधल्या तरुण नोकरदारांना होबोकनचा शोध लागला होता. जुन्या इमारती आतून नव्या करून चढ्या भावानं विकल्या जात होत्या, पण त्याआधी त्यातले भाडेकरू निघायला हवे होते. ते निघत नव्हते, कारण जाणार कुठे? बायका पायऱ्यांवर बसून दबक्या आवाजात बोलत. झोपताना मुलांचे बूट दाराशी ठेवत. नोएमीनं ते मृणालिनीला सांगितलं होतं, अगदी सहज, जसं गृहपाठाबद्दल सांगावं.

सप्टेंबरमधल्या एका रविवारी सकाळी, अजून चहासुद्धा झाला नव्हता, तेव्हा बंबांचे भोंगे ऐकू आले. थांबेचनात. मृणालिनीनं सवयीनं कॅमेरा गळ्यात घातला आणि ती खाली धावली.

तीच इमारत होती. आग जिन्याच्या तळाशी लागली होती आणि जिना लाकडी. खालच्या मजल्यांवरची माणसं खिडक्यांतून बाहेर पडली होती. झोपेतल्या कपड्यांत, अनवाणी, कुणाच्या हातात नुसती इस्त्री. दुसऱ्या मजल्यावरची इव्हेट नावाची मुलगी आईच्या कमरेला मिठी मारून उभी होती. चौथ्या मजल्याच्या खिडकीतून धूर येत होता, पण माणूस कुणी येत नव्हतं.

मृणालिनीनं कॅमेरा डोळ्याला लावला. तीन-चार फोटो काढले. मग गर्दीतून कुणीतरी "नोएमी!" असं ओरडलं आणि तिचा हात खाली आला.

आयदा आली तेव्हा सगळं विझलं होतं. अंगात धोबीखान्याचा निळा डगला, हात कोपरापर्यंत ओले. तिला दोन पोलिसांनी धरून ठेवलं.

पाच माणसं गेली. पोलीस आले, विचारपूस झाली. जिन्यात पेट्रोलचा वास येत होता असं चार-पाच जणांनी सांगितलं. ते लिहून घेतलं गेलं आणि तिथेच राहिलं. कुणाला अटक झाली नाही.

वाचलेल्या लोकांची सोय चर्चच्या तळघरात केली होती. दुसऱ्या दिवशी मृणालिनी कपड्यांच्या पिशव्या घेऊन तिथे गेली. आयदा एका खाटेवर बसली होती. हिला पाहताच उठली आणि हिचे दोन्ही हात धरून भराभर बोलायला लागली. मृणालिनीला फक्त 'नोएमी' आणि 'फोतो' एवढंच कळलं. इव्हेटची आई पुढे आली. तिला थोडं इंग्रजी येत होतं.

"ती म्हणते, तिच्याकडे काहीच उरलं नाही. फोटो सगळे जळाले. इथल्या शाळेत फोटो काढले तेव्हा नोएमी आलेली नव्हती. तिकडे पोर्तोरिकोत, पोन्सेला, आजीकडे एक आहे, पण तो बाप्तिस्म्याचा, तान्ही असतानाचा. शवपेटी बंदच ठेवावी लागणार आहे. लोकांनी बघायचं काय? ती म्हणते, तुझ्याकडे पुष्कळ आहेत. दर रविवारी काढायचीस. नोएमी घरी येऊन सांगायची."

आयदा मृणालिनीच्या तोंडाकडे बघत होती.

"हो," मृणालिनी म्हणाली. "आहेत. देते."

हे शब्द आपल्या तोंडून कसे गेले ते तिला रस्त्यात आल्यावरही कळेना.

घरी येऊन तिनं बाथरूमचं दार लावून घेतलं. तीच तिची फोटो धुवायची जागा होती. जानेवारीपासूनच्या सगळ्या निगेटिव्ह काढल्या. नखाएवढे फोटो छापलेले कागद भिंग लावून एकेक करून पाहिले. डॉमिनोवाले म्हातारे होते. शेंगा सोलणारे हात होते, फुटपाथवरचा बंबाचा उघडा नळ आणि त्याच्या फवाऱ्यात नाचणारी मुलं होती. सुंदर फोटो होते. त्यांत नोएमी कुठेच नव्हती. असणार कशी? ती कायम मृणालिनीच्या शेजारी उभी असायची, कॅमेऱ्याच्या अलीकडे.

शेवटी मे महिन्यातल्या एका फोटोत, म्हाताऱ्यांच्या मागे, एक मुलगी पळताना सापडली. तोंड अर्धवट वळलेलं, पुसट. मृणालिनीनं तो तुकडा मोठा केला. आणखी मोठा केला. चेहऱ्याच्या जागी नुसते करडे ठिपके दिसायला लागले, पण केसांचा भांग मधोमध होता. ही नोएमीच, असं तिनं स्वतःला बजावलं. छापला, सुकवला, पुठ्ठ्यावर चिकटवला.

उल्हासला तिनं सगळं सांगितलं. तो पेपर बाजूला ठेवून म्हणाला, "अगं, असं होईल हे तुला काय माहीत होतं? उगाच टॉर्चर करून घेऊ नकोस स्वतःला."

"माहीत असतं तर काढला असता," ती म्हणाली. "हेच तर."

बुधवारी संध्याकाळी आयदा फोटो न्यायला घरी आली. एकटीच. कुणीतरी दिलेला मोठ्या मापाचा काळा कोट घातला होता. सीमा टेबलाशी गृहपाठ करत होती. मृणालिनीनं पुठ्ठा आयदाच्या हातात दिला.

आयदा तो घेऊन खिडकीपाशी गेली. उजेडात धरला, लांब धरला, जवळ धरला. मग तिनं मान हलवली.

"नो एस नोएमी," ती म्हणाली. "एस इव्हेट."

सीमा उठून तिच्याशेजारी गेली आणि वाकून बघायला लागली. "दॅट्स इव्हेट, आई. तिचे शूज बघ ना."

आयदानं पुठ्ठा परत केला आणि वाट बघत उभी राहिली. बाकीचे कुठे आहेत, असा तिचा चेहरा. मृणालिनी खुर्चीवर बसली.

"सीमा, तिला सांग," ती मराठीत म्हणाली. "माझ्याकडे नोएमीचा एकही फोटो नाहीये. ती म्हणायची तेव्हा मी नुसता कॅमेरा वर करायचे. फोटो काढायचेच नाही. फिल्म वाया जाऊ नये म्हणून."

सीमा आईकडे वळली. "पण ती दर संडेला केस ओले करून यायची. यू टोल्ड हर यू वर प्रिंटिंग देम."

"हो."

"यू टोल्ड मी टू!"

"सांग तिला, सीमा."

"आय वोन्ट," सीमा म्हणाली. "तू सांग."

दोघींचं काय चाललंय ते आयदाला समजत नव्हतं. ती एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती. या दोन बायकांच्या मध्ये उभं राहून एकीचं दुसरीला सांगणारी पोर आता नव्हती. मृणालिनी उठली. कपाटावरचा कॅमेरा घेतला आणि डोळ्याला लावला. आयदाला वाटलं आपलाच फोटो काढतायत. तिचा हात आपसूक केसांकडे गेला.

मृणालिनीनं जीभ टाळूला लावून 'टक्' केलं.

मग कॅमेरा खाली घेतला. फिल्म पुढे सरकवायचा खटका जागचा हललेला नाही, हे बोटानं दाखवलं. मान हलवली. "नोएमी," ती म्हणाली आणि पुन्हा कॅमेरा वर करून पुन्हा तोंडानं तसाच आवाज काढला.

आयदाचा केसांवरचा हात तिथेच राहिला. तिला कळलं. कळतंय हे मृणालिनीला दिसलं, आणि ते पाहण्यापेक्षा आयदानं थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. पण आयदा ओरडली नाही, रडलीही नाही. तिनं मृणालिनीच्या हातातून कॅमेरा घेतला, टेबलावर हलकेच ठेवला, पर्स उचलली आणि दाराशी गेली. तिथे वळून सीमाला काहीतरी म्हणाली. एवढंसंच. आणि गेली.

"काय म्हणाली गं?"

सीमानं वह्या गोळा केल्या आणि ती खोलीत निघून गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध पिताना, आईकडे न बघता, तिनं सांगितलं, "नोएमीनं त्या फोटोंसाठी वॉलवर जागा ठेवली होती. बेडच्या वर. तिथे काही लावू द्यायची नाही."

अंत्यविधीला चर्च भरलं होतं. आजी पोन्सेहून आली होती. बंद पेटीवर तिनं आणलेला तो बाप्तिस्म्याचा फोटो ठेवला होता. लेसच्या झबल्यातलं एक तान्हं मूल, डोळे मिटलेलं. कुणाचंही असू शकलं असतं. लोक रांगेनं पुढे जात, त्या फोटोकडे बघत आणि गोंधळल्यासारखे बाजूला होत. सीमा इव्हेटचा हात धरून पुढे गेली. मृणालिनी शेवटच्या बाकापासून पुढे सरकली नाही.

त्यानंतर तिनं कॅमेरा कपाटात टाकला. पण एके दिवशी इव्हेटची आई दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "आमचेही सगळे जळालेत. लग्नाचे, मुलांचे, सगळे. नवे तरी काढून देशील?"

मृणालिनीनं चर्चच्या तळघरात एक पांढरी चादर टांगली, पुढे खुर्ची ठेवली. रविवारी दुपारी लोक यायला लागले. मागून आणलेले शर्ट, मागून आणलेले कोट, केस चापून बसवलेले. सगळे कॅमेऱ्याकडे सरळ बघायचे आणि ती जसे बसतील तसे काढायची. क्लाइननी ते फोटो चाळले आणि म्हणाले, "हे पासपोर्टचे फोटो झाले."

"हो," ती म्हणाली.

त्यांना जुने हवे होते, ॲडम्स स्ट्रीटचे. एका बँकेच्या हॉलमध्ये ते प्रदर्शन लावणार होते. तिनं ते दिले. नाही म्हणावं असं तिला एकदा वाटलं आणि तरी दिले. उद्घाटनाला वेस्ट विंडसरहून राजीव आणि वसुधासुद्धा आले. वसुधा सगळ्यांना सांगत होती, "आमची मृणाल." एक तरुण जोडपं डॉमिनोच्या फोटोपुढे बराच वेळ उभं होतं. त्यातली मुलगी म्हणाली, "किती जिवंत आहे हो हे! कुठला रस्ता? आम्ही त्याच बाजूला घर बघतोय." मृणालिनीनं रस्त्याचं नाव सांगितलं. सीमा त्या दिवशी पोट दुखतंय म्हणून घरीच राहिली होती. आईनं कॅमेरा हातात घेतला की ती हल्ली खोलीतून उठून जायची.

तळघरात आयदा कधी रांगेत आली नाही. ती कोपऱ्यात आलेल्या कपड्यांच्या घड्या घालत असायची. मृणालिनीकडे बघत नसे आणि टाळतही नसे.

नाताळापूर्वीच्या रविवारी तळघर रिकामं व्हायचं होतं. कुणी पॅटरसनला निघालं होतं, कुणी ब्रुकलिनला परत. मृणालिनी चादर काढायच्या बेतात होती, तेवढ्यात आयदा इव्हेटला दंडाला धरून घेऊन आली. इव्हेटचा फोटो आधीच काढून झाला होता, तसं मृणालिनी म्हणालीही. आयदानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. इव्हेटला तिनं खुर्चीवर बसवलं नाही, उभं केलं. खिशातून कंगवा काढून तिचे केस विंचरले, मधोमध भांग पाडला. पोरगी घाबरून आईला शोधत होती.

मग आयदा येऊन मृणालिनीच्या मागे उभी राहिली. इतकी जवळ की तिचा श्वास मृणालिनीच्या मानेला लागत होता. तिनं समोर पाहिलंच नाही. मृणालिनीच्या बोटांकडे बघत राहिली.

मृणालिनीनं फोटो काढला.

आयदानं खटक्याकडे बोट केलं. मृणालिनीनं तो ओढला, फिल्म पुढे सरकली.

"ओत्रा," आयदा म्हणाली. आणखी एक.

मृणालिनीनं आणखी एक काढला. पुन्हा खटका, पुन्हा "ओत्रा". ना राग, ना रडू. धोबीखान्यात चादरी मोजाव्यात तसा आवाज. इव्हेट रडायला लागली तरी आयदा थांबली नाही. मृणालिनीलाही थांबवण्याचा धीर झाला नाही. रोल संपला आणि खटका पुढे जाईना, तेव्हा मृणालिनीनं कॅमेरा तिच्यापुढे धरून दाखवला. आयदानं स्वतःच्या अंगठ्यानं एकदा ओढून पाहिला. खरंच संपलाय अशी खात्री झाल्यावर तिनं कंगवा खिशात टाकला आणि ती जिना चढून वर निघून गेली.

फोटो धुऊन मृणालिनी पुढच्या आठवड्यात चर्चमध्ये गेली, तर तळघराला कुलूप होतं. आयदा आईकडे पोन्सेला गेल्याचं तिथल्या बाईनं सांगितलं. पत्ता कुणाकडेच नव्हता. मग मृणालिनीनं ते फोटोंचं पाकीट इव्हेटच्या आईला नेऊन दिलं. तिनं ते उघडलं, वरचे दोन-तीन फोटो पाहिले. डोळे सुजलेली, भेदरलेली आपली पोर. तिनं पाकीट बंद केलं.

"हे मला नको," ती म्हणाली.

पुढच्या वर्षी त्या जळलेल्या इमारतीला नव्या खिडक्या बसल्या आणि मृणालिनीच्या इमारतीतही मालकाची नोटीस आली. उल्हासनं वेस्ट विंडसरला राजीवच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून घर घेतलं. सामान बांधताना त्यानं विचारलं, "हे पाकीट कसलं गं? ठेवायचंय का?"

"ठेवा," मृणालिनी म्हणाली. कुठे, ते तिला सांगता आलं नाही.